लिव्हर धरणारा हात

मोटारसायकलच्या पुढच्या ब्रेकचा लिव्हर दाबला की सरळ मुठीला जाऊन टेकत होता. मध्ये कुठे अडणं नाही, काही नाही. ओल्या स्पंजावर बोटं दाबावीत तसं. बर्फवाल्याने दोनदा दाबून पाहिला, तिसऱ्यांदा दाबला आणि पायरीवर बसला.

बर्फाच्या कारखान्यात उभा जन्म मशीनवर गेला म्हणून गल्लीत त्याला सगळे बर्फवालाच म्हणत. कारखाना बंद पडला, नाव राहिलं. बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. घरात आता दोनच माणसं, तो आणि बायकोची आई. लेकीच्या आजारपणात तिचं करायला म्हणून सासूबाई आल्या आणि राहिल्या. त्याने जा म्हटलं नाही, त्यांनी जाते म्हटलं नाही. दोघांत बोलणं फारसं नव्हतं, पण सकाळी विसळायला दोन कप असायचे. तेवढ्यावर घर घरासारखं वाटायचं.

आज मेहुणा यायचा होता. आईला न्यायला. सकाळी फोनवर त्याने आडपडदा ठेवला नव्हता. "भावजी, रागावू नका. ताई होती तोवर ठीक होतं. पण परवा आईची डोळ्यांची तपासणी हुकली, का तर तुमच्या गाडीला ब्रेक नाहीत. उद्या काही झालं तर तिला कशावर नेणार? आज संध्याकाळची वेळ घेतलीय, मी नेतो. तिथून ती माझ्याकडेच येईल."

खोटं काय होतं त्यात? दवाखाना मोठ्या उताराच्या तळाशी होता आणि तिकडे बस जात नव्हती.

"तू ये," बर्फवाला म्हणाला होता, "पण दवाखान्यात मीच नेणार." बोलून तर बसला. नाक्यावरच्या गॅरेजवाल्याने हात वर केले. "काका, दोन दिवस ठेवून जा, त्याआधी जमणार नाही."

तसं काम अवघड नव्हतं. ब्रेकने हवा धरली होती. पॅड त्याने सकाळीच पाहिले, चांगले होते. पाइपाला कुठे ओल नव्हती. वरच्या डबीतलं ऑइल मात्र चहासारखं काळपट झालेलं. ते बदलायचं आणि आतली हवा काढायची. दर वर्षी घरीच करायचा तो. म्हणजे तो आणि बायको, दोघं मिळून करायचे.

ती हँडलजवळ स्टूल घेऊन बसायची. तो खाली, चाकाशी. कॅलिपरच्या, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागाच्या, हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी लावलेली, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये. "भर," म्हटलं की ती लिव्हर चार-पाच वेळा दाबायची. "धर," म्हटलं की दाबून धरायची. तो निपल जरासा सैल करायचा, ऑइल बुडबुड्यांसकट नळीत यायचं, तो निपल आवळायचा आणि मग म्हणायचा, "सोड." वर्षभराच्या तक्रारी ती याच वेळी बाहेर काढायची. "एरवी चप्पल घालून निघून जाता," ती म्हणायची, "आता पाना हातात आहे, ऐका." त्याच्या बहिणीपासून न्हाणीघरातल्या नळापर्यंत सगळं यायचं. बोलताना हात मात्र कधी चुकला नाही. सोड म्हटल्याशिवाय तिने लिव्हर सोडला नाही.

त्याने एकट्याने करून पाहिलं. उजव्या हातात लिव्हर, डाव्यात पाना. पण खाली वाकलं की उजवा खांदा ठणकायचा, बोटं निसटायची आणि निघाली त्याच्या दुप्पट हवा आत.

"काय चाललंय?" सासूबाई दारात उभ्या होत्या.

"काही नाही आई."

"काही नाही म्हणून तासभर गाडीपुढे लोटांगण घालताय? सांगा, मी काय धरू?"

त्यांना सांगायला त्याला जड गेलं. त्या जागेवर दुसरं कुणी बसावं असं वाटत नव्हतं. पण ऊन भिंतीवरून उतरायला लागलं होतं. त्याने टाकीवर ओलं फडकं पसरलं, ऑइल सांडलं तर रंग जातो म्हणून, आणि त्यांना लिव्हर दाखवला. हात चांगला दणकट होता. या बाईंनी पायमशीनवर कपडे शिवून दोन पोरं वाढवली होती.

"भरा."

"भरलं."

"धरा."

"धरलं."

निपल सैल केला. बुडबुडे आले. आवळला. "सोडा." पुन्हा तेच. पुन्हा बुडबुडे. डबीत ऑइल कमी होऊ दिलं नाही, पाइपावर पान्याच्या मुठीने टकटक केलं, जोडावरचा बोल्ट आवळून पाहिला. नवी बाटली अर्धी संपली तरी बुडबुडे यायचे थांबेनात आणि लिव्हर होता तसाच मऊ.

"नळीच खराब असेल," सासूबाई म्हणाल्या.

"नळी चांगली आहे."

"मग ऑइल भेसळीचं असेल."

"आई, सीलबंद होतं."

"मग तुम्हीच काहीतरी चुकताय, जावईबापू. माझं तर बरोबर चाललंय."

बर्फवाल्याने पुन्हा पाना लावला. या वेळी निपल सैल करताना त्याने खाली पाहिलंच नाही, वर पाहिलं. निपल सैल झाला, लिव्हर बोटांखाली खचला आणि त्याच क्षणी सासूबाईंचा हात उघडला. निपल उघडा असतानाच. निपलच्या आट्यांमधून हवा मुकाट्याने आत गेली.

"आई! सोडलात!"

"मग? खचला ना तो!"

"खचणारच! मी सोडा म्हणेपर्यंत सोडायचं नाही!"

आवाज चढला होता. सासूबाईंनी हात मांडीवर घेतला. "मशीन चालवताना पायाखालचा जोर एकदम हलका झाला की समजायचं, दोरा तुटला," त्या म्हणाल्या. "तेव्हाच्या तेव्हा पाय उचलायचा, नाहीतर कापड खराब. आयुष्यभर तेच केलं. हात आपोआप उघडतो हो." मग म्हणाल्या, "ती सांगायची फोनवर, आज आमचा ब्रेकचा दिवस होता म्हणून. मला वाटायचं, काय कौतुक सांगतेय ही."

तिने आईला हे सांगितलं होतं, आणि त्याला कधी कळलंच नव्हतं. त्याने पाना पुन्हा निपलवर बसवला.

"मग बोला तुम्ही," तो म्हणाला. "मी निपल आवळून सोडा म्हणेपर्यंत बोलत राहायचं. बोलणं थांबलं की मगच हात उघडायचा."

"काय बोलू?"

"तक्रारी सांगा."

सासूबाईंनी लिव्हर धरला. "चहात साखर कमी घालता," त्या म्हणाल्या. लिव्हर खचला, बोटं हलली नाहीत. "वर्षभर. मी मुकाट्याने पिते. आणि तिची शाल तुम्ही कपाटाच्या वर टाकून ठेवलीत, धूळ खातेय." निपल आवळला. हात उघडला. बुडबुडे कमी झाले. त्यांच्याकडे सांगायला बरंच होतं. न्हाणीघरातला नळ यांच्याही यादीत निघाला. ती तक्रार संपायच्या आत नळीतून नुसतं स्वच्छ ऑइल यायला लागलं आणि लिव्हर अर्ध्यावरच घट्ट अडला.

डबीचं झाकण लावून त्याने गाडी गल्लीत दोन फेऱ्या मारून आणली. दोन बोटांनी थांबत होती.

मेहुणा आला तो बूट काढण्याआधी गाडीशी गेला. लिव्हर दाबला, पुन्हा दाबला, गाडी ढकलून पाहिली. "लागतोय की," तो पडलेल्या आवाजात म्हणाला.

"लागतोय म्हणजे?" सासूबाई पदर खोचत बाहेर आल्या. "मी धरलाय तो."

"बरं, मग जा भावजींबरोबर. पण तिथून माझ्याकडे यायचं, आई. खोली तयार आहे."

बर्फवाला हेल्मेटचा पट्टा लावत होता. लागलेला पट्टा त्याने सोडला आणि पुन्हा लावायला घेतला.

"येईन की चार दिवस," सासूबाई म्हणाल्या, "पण आज नाही. मागचा ब्रेक अजून राहिलाय. एकट्याने होत नाही यांना."