जावयाची सही

बँकेच्या मुख्य ऑफिसातून दर तीन महिन्यांनी एक फॉर्म यायचा. कर्ज देताना तुम्ही कडक झालात, सैल झालात की आहे तसेच? मॅनेजरबाई दरवेळी ‘थोडे कडक’वर खूण करून मोकळ्या व्हायच्या. वाचतंय कोण मेलं. या खेपेला नेमकं कुणीतरी वाचलं आणि वरून फोन आला. तीन महिन्यांत एकही अर्ज नाकारलेला दिसत नाही, मग कडक झालात ते कुठे? शुक्रवारपर्यंत एक तरी दाखवा.

बाईंनी मंजुरीसाठी आलेल्या चार फायली पुढ्यात ओढल्या. बिल्डर आकांडतांडव करणार. डॉक्टरीणबाईंचा भाऊ वकील. गॅरेजवाल्याच्या तोंडाला तर कोण लागेल? उरला चष्मेवाला. वीस वर्षांत त्याचा ना हप्ता चुकला, ना आवाज चढला. ‘झालंच समजा’ असं बाईंनीच सांगितलं म्हणून त्याने काचा घासायच्या मशीनचा इसारही भरला होता. बाईंना ते चांगलं आठवत होतं. तरी फाईल त्याचीच बाजूला निघाली.

नकार कळल्यावर तो येऊन समोर बसला. “मॅडम, माझं काय चुकलं?”

आता फॉर्मचं कसं सांगणार? बाईंची नजर जामीनदाराच्या सहीवर गेली. सही जावयाची होती.

“तुमचं काही नाही हो. जावईबापूंचा रेकॉर्ड बरा नाही. बाहेर बरंच करून ठेवलंय त्यांनी. जास्त मला बोलता येत नाही.”

जावई शाळामास्तर. त्या बापड्याने जन्मात उधारीवर वहीसुद्धा घेतली नव्हती. चष्मेवाल्याने जावयाच्या सहीवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाला, “बरं झालं सांगितलंत. पोरीला वेळेत कळेल तरी.” वर आभार मानून गेला. बाईंना सुटल्यासारखं वाटलं.

पंधरा दिवसांनी त्याची मुलगी आली. कडेवर पोर, हातात कपड्यांची पिशवी.

“घरातला कागद न् कागद पाहिला, काही सापडत नाही. हे म्हणतात, खोटं आहे. बाबा म्हणतात, बँक कशाला खोटं बोलेल? मी घर सोडून आलेय. मला फक्त एवढंच सांगा, खरंच काही आहे का?”

‘काही नाही’ एवढं म्हटलं की झालं असतं. बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मग चौकशी, बदली, नाचक्की.

“ते गोपनीय असतं गं. मला सांगता येत नाही.”

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. “म्हणजे आहे.”

बाईंनी नाही म्हटलं नाही. मुलीने पोर दुसऱ्या कडेवर घेतलं, पिशवी उचलली आणि बापाच्या दुकानाकडे वळली.