गोमाजींची रेंगी आणि चौथीचा पेपर

मित्रांनो, मी एक जुनी रेंगी आहे. आमच्या भंडारा जिल्ह्यात माणसं बसवून नेणाऱ्या हलक्या बैलगाडीला रेंगी म्हणतात. आंबागडच्या किल्ल्याखाली, गोमाजींच्या गोठ्यामागे मी उभी असते. कोंबड्या माझ्यात अंडी घालतात. पण एके काळी मी फार देखणी होते हो!

सुखराम सुतारानं मला सागाच्या लाकडातून घडवलं. तापून लाल झालेली लोखंडी धाव माझ्या चाकांवर चढवली, तेव्हा अख्खा मोहल्ला बघायला जमला होता. दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेला, लग्नाला, तुमसरच्या बाजाराला मी धावायची. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांवरून लोक मला दुरून ओळखायचे.

गोमाजींची नात इंद्रकला दोन वर्षांची असताना तिला ताप आला. ताप उतरला, पण पायातलं बळ घेऊन गेला. पोर हातांवर सरपटू लागली. शाळेत नाव घालायचं वय झालं तेव्हा तुलाराम गुरुजी स्वतः घरी आले. "पोरगी हुशार आहे. शिकवतो मी, तुमी फक्त पोचवून देत जा," ते म्हणाले. गोमाजी कुरकुरले, पण दुसऱ्या दिवशी बैल जुंपले.

आरोग्य केंद्राच्या नर्स निर्मलाबाईही त्याच पोरीसाठी उन्हातान्हात यायच्या. पायांना मालीश कशी करायची, गुडघे कसे ताणायचे, हे त्यांनी तिच्या आईला शिकवलं. माणसं दोन्ही सोन्यासारखी, पण एकमेकांशी बोलायची नाहीत. बाई तपासणीला बोलवायच्या तो नेमका शाळेचा दिवस असायचा. गुरुजी रागवायचे. इकडे वर्गात दिवसभर मांडी घालून बसल्यानं गुडघे अधिकच आखडतात, म्हणून बाई चिडायच्या. बाईंना तिचे पाय दिसत, गुरुजींना तिची पाटी. अख्खी इंद्रकला तेवढी माझ्यात बसायची.

एकोणऐंशी सालचा एप्रिल होता. नागपूरचे हाडांचे डॉक्टर भंडाऱ्याला शिबिरासाठी येणार होते आणि ते वर्षातून एकदाच यायचे. शिबिराच्या दुसऱ्याच दिवशी चौथीची परीक्षा होती. बाई शिबिराचं सांगायला गोमाजींकडे निघाल्या, गुरुजीही परीक्षेचं सांगायला निघाले, आणि गोमाजींनी दोघांनाही वाटेत माझ्यात बसवून घेतलं. समोर इंद्रकला होती.

"या वर्षी प्लास्टर नाही झालं, तर गुडघे कायमचे वाकडे राहतील, गुरुजी."

"आन परीक्षा बुडली तं? गोमाजी तिले पुन्हा शाळेत धाडन काय?"

गोमाजी पुढं बघतच म्हणाले, "खरं आहे. नापास झाली का घरीच ठेवतो. किती वर्षं बैल जुंपू?"

माझी चाकं करकरत होती. तेवढ्यात इंद्रकला म्हणाली, "प्लास्टर पायाले लावतेत ना? हाताले तं नाही लावत?"

बाई आणि गुरुजींनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांनाही हसू आलं. मग पुढच्या वाटेवर त्यांनी पहिल्यांदाच डोकी जवळ आणून सगळं ठरवलं.

शिबिराच्या दिवशी निर्मलाबाई तिला एसटीनं भंडाऱ्याला घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं परतल्या तेव्हा मी फाट्यावर उभीच होते. गोमाजींनी माझ्यात धानाची तणस जाड पसरली होती. इंद्रकलेला तिच्यावर अलगद आडवं केलं. दोन्ही पाय मांडीपासून घोट्यापर्यंत पांढरे आणि अजून ओलसर होते. खड्डा आला की गोमाजी खाली उतरून बैलांच्या पुढं चालायचे. इतकं जपून मला कुणी कधीच हाकलं नव्हतं.

शाळेत आलो तर नवीनच पेच उभा राहिला. बाई म्हणाल्या, "प्लास्टर वाळलं नाही. उचललं तर तडकेल. हिले हलवता येत नाही." आणि परीक्षेसाठी आलेले साहेब म्हणाले, "नियम आहे. पेपर वर्गात बसूनच लिहावा लागेल."

गोमाजींचा चेहरा उतरला. इंद्रकलेनं ओठ घट्ट मिटले.

तुलाराम गुरुजी वर्गाच्या दारात गेले. "पोरं हो, उठा! टाटपट्ट्या घेऊन निंबाखाली चला!"

चौथीची सगळी मुलं पळत आली. माझ्या भोवती पट्ट्या अंथरल्या गेल्या. गुरुजींनी फळा झाडाला टेकवला आणि साहेबांकडे वळून हात जोडले. "साहेब, वर्ग इथं आहे."

साहेबांनी स्वतःची छत्री उघडून इंद्रकलेवर धरली. "द्या पेपर," ते म्हणाले.

तिनं माझ्या फळीला पाठ टेकवून पेपर लिहिला. त्या दिवशी मी श्वाससुद्धा हळू घेतला असेल! ती पास झाली. गुडघे सरळ झाले, पायांना आधाराच्या लोखंडी पट्ट्या, म्हणजे कॅलिपर लागले. ती पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा माझं चाक धरूनच उभी राहिली. "आबा, मी तुमच्या खांद्याएवढी झाली!" गोमाजी डोळे पुसत राहिले. पुन्हा कधी त्यांनी बैलांची तक्रार केली नाही.

त्यानंतर दर मंगळवारी मी बाई आणि गुरुजींना घेऊन आसपासच्या टोल्यांवरून, म्हणजे वस्त्यांवरून, अशीच घरी राहिलेली मुलं गोळा करायची. तपासणी शाळेतच भरू लागली. मुलं पाढे म्हणत पाय ताणायची. त्यातल्या जागेश्वरला सगळे येडा म्हणायचे. बाईंनी कान तपासले तेव्हा कळलं, त्याला ऐकूच कमी येतं. गुरुजींनी त्याच दिवशी त्याला पहिल्या ओळीत, स्वतःच्या ओठांसमोर बसवलं.

पुढं आरोग्य केंद्राला जीप आली. ती जलद जाते, चिखलातही अडत नाही. मला तिचा हेवा वाटत नाही. फक्त एक खंत आहे. जीपमध्ये बाई एकट्याच येतात आणि एकट्याच जातात. माझ्यात जागा इतकी कमी होती, की बाई आणि गुरुजींना गुडघ्याला गुडघा लावून बसावं लागायचं. बोलल्यावाचून वाट सरायची नाही.

मित्रांनो, मला तेलपाणी नका करू. कोंबड्या आहेत सोबतीला. पण तुमच्या शेजारी एखादं मूल घराच्या उंबऱ्याशी बसून तुमची शाळा भरताना बघत असेल, तर त्याच्याजवळ जा. त्याचं नाव विचारा. मग गुरुजींना सांगा आणि नर्सबाईंनाही सांगा. दोघांना एकाच दिवशी सांगा.