शाफ्टचे पंधरा फेरे

"काढ बे, एकदाचा काढ. गरमीत सारे उघडे, अन् तुलेच काऊन लाज?" असे म्हणत गोविंदाने मागून शालिग्रामच्या शर्टाची कॉलर धरली आणि खाली खेचली.

नांदुऱ्याच्या त्या जुन्या जिनिंगमध्ये दुपारचे पावणेतीन वाजले होते. कापसातून सरकी वेगळी करणारे चौदा रेचे एकाच लांब शाफ्टवर चालत होते. फिटर शालिग्राम शाफ्टची संरक्षक जाळी काढून तिसऱ्या बेअरिंगला ग्रीस भरत होता. शाफ्ट बंद करूनच ग्रीस भरावे, असा नियम भिंतीवर रंगवलेला होता. परंतु बाहेर ट्रॅक्टरची रांग असताना शाफ्ट थांबवण्याची तिथे पद्धत नव्हती, आणि अकरा वर्षांत शालिग्रामनेही ती पाडली नव्हती.

शर्ट पाठीवर उभा फाटला. आत छातीभोवती जुन्या धोतराची पट्टी घट्ट गुंडाळलेली होती. वयाच्या पंधराव्या वर्षी शालिग्रामची छाती बाईसारखी भरली होती आणि बत्तिसाव्या वर्षीही ती तशीच होती. रोज आंघोळीनंतर तो हात वर करून पट्टीचे सहा वेढे घेई, टोक काखेत खोची आणि मग शर्ट चढवी. जिनिंगमध्ये हे सर्वांना ठाऊक होते. 'बीटीच्या सरकीचं तेल खाऊन फिटरले छाती फुटली' ही थट्टा आता जुनी झाली होती. ती ऐकली की शालिग्राम मान खाली घालून कामाला लागे.

त्या दिवशी मात्र गोविंदा थट्टा करण्याच्या मनःस्थितीत नव्हता. तो जिनिंगमध्ये हमाली करी. घरी अडीच एकर कोरडवाहू होती. ते गुलाबी बोंडअळीचे वर्ष होते. सकाळीच ग्रेडरने त्याची कापसाची गाडी फाटकातून परत फिरवली होती, कारण वेच्यात निम्मी किडकी कवडी, म्हणजे अळीने खाल्लेला पिवळट कापूस, होती. दहा वर्षे ज्या आवारात तो दुसऱ्यांचा कापूस पाठीवर वाहत आला, तिथे त्याच्या स्वतःच्या कापसाला जागा मिळाली नाही. दुपारपर्यंत तो कोणावर तरी उलटणार हे उघड होते. शालिग्राम सर्वांत सोपा होता.

"चोळी हाय बे आत," गोविंदा इतर हमालांना म्हणाला. दोघेतिघे हसले. त्याने काखेतले टोक उपसले आणि जोर लागावा म्हणून पट्टी आपल्या उजव्या पंजाभोवती गुंडाळत ओढू लागला. शालिग्राम जागच्या जागी भोवऱ्यासारखा फिरला. सहाही वेढे सुटले. गोविंदाच्या मुठीतून खाली लोंबणारे मोकळे टोक उघड्या शाफ्टला लागले आणि शाफ्टने ते धरले.

शालिग्रामने ते पाहिले. शाफ्ट बंद करण्याचे लाल बटन त्याच्या डाव्या बाजूला, दीड हातावर होते. त्याचे दोन्ही हात उठले, ते छातीकडे गेले. शर्टाच्या चिंध्या पुढे ओढून त्याने छाती झाकली. मग बटन दाबले.

शाफ्ट मिनिटाला तीनशे फेरे घेत असे. म्हणजे सेकंदाला पाच. झाकायला तीन सेकंद लागले असतील, तर पंधरा फेरे. हे गणित त्याने पुढे अनेकदा केले आणि दरवेळी उत्तर तेच आले. त्या फेऱ्यांत पट्टी दोरासारखी पिळली गेली आणि गोविंदाच्या हाताची मधली तीन बोटे मुळापासून उपटून निघाली. समोरची पांढरी रुई पुरुषभर अंतरापर्यंत लाल झाली. गोविंदा ओरडत होता. परंतु रेचे पुरते थांबेपर्यंत त्याचा आवाज कोणालाच नीट ऐकू आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोविंदाचा थोरला भाऊ निवृत्ती चुलतभावांना घेऊन शालिग्रामच्या घरी आला.

"तुह्या चोळीपायी माह्या भावाचा हात गेला," तो म्हणाला, आणि कुऱ्हाडीच्या दांड्याने त्याने पहिला फटका छातीवरच घातला. शालिग्राम खाली पडल्यावर त्यांनी लाथा मारल्या, त्याही तिथेच. त्याची आई तानाबाई मध्ये पडली तेव्हा तिचे मनगट मोडले. शालिग्रामने हात उचलला नाही. आपल्याला किती फटके बसायला हवेत याचा त्याला अंदाज येत नव्हता.

अपघाताच्या चौकशीला आलेल्या सरकारी साहेबांना गोविंदाने इस्पितळातूनच सांगितले की, पाय घसरला. शालिग्रामनेही तेच सांगितले. जिनिंगचे मॅनेजर भगवानराव यांनी मात्र आठ दिवसांनी त्याला बोलावून घेतले.

"फिटर, तुहं काम मले पाह्यजे. पन कापड बांधून शाफ्टपाशी यायचं नाही. उघड्या अंगानं ये, नाही तं येऊच नको. पुढच्या हंगामाच्या दुरुस्तीले मृगाच्या आधी सुरुवात होते. तवर ठरव."

शालिग्रामला ठरवण्यासारखे काही नव्हते. पट्टीवाचून तो चारचौघांत उभा राहू शकत नव्हता आणि शाफ्टवाचून त्याला दुसरे काम येत नव्हते. चैत्रात तानाबाईने म्हैस विकली आणि तो खामगावच्या एका खाजगी दवाखान्यात गेला. तिथे दर दुसऱ्या शनिवारी अकोल्याहून प्लास्टिक सर्जन येत.

त्याने प्रश्न लिहून नेले होते. अकरा प्रश्न, अनुक्रमांक घालून, आयटीआयमध्ये शिकवलेल्या उभ्या वळणदार अक्षरात. रुबिना सिस्टरने कागद हातात घेतला आणि खुर्ची पुढे सरकवली.

"बसा, भाऊ. डॉक्टरसाहेब येईपर्यंत आपन वाचून घेऊ. पहिला, 'कापल्यावर पुन्हा वाढते काय?' गाठ काढली का गाठ वाढत नाही. वजन वाढवलं तं चरबी येऊ शकते. दुसरा, 'सरकीच्या तेलाने होते काय?'" ती थांबली. "हे कोनं सांगितलं?"

"सारेच म्हन्तात."

"तेल तं आमच्या घरीही तेच हाय. माह्या नवऱ्याले काई झालं नाही, फक्त पोट वाढलं." ती हसली नाही, म्हणून शालिग्रामला किंचित हसू आले. "वयात येताना लई पोराईले होते हे. बहुतेकाईचं दोन वर्षांत बसते. काहीचं राह्यते. तुमचा काई गुन्हा नाही."

"बायाही येतात काय असं इचारायले?"

"बायाच जास्त. कोनाले कमी वाटते, कोनाले जास्तीच्या वजनानं मान-पाठ दुखते. प्रश्न मात्र साऱ्याईचे हेच. निशान राहीन का, किती दिवस काम बंद, दुसऱ्याले समजीन का." तिने बोट खाली नेले. "सातवा, 'सरकारी योजनेत बसते काय?' नाही बसत, भाऊ. कागदावर याले शोभेचं ऑपरेशन म्हन्तात."

"शोभेचं," शालिग्राम म्हणाला. त्याने तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला.

सर्जन आले. त्यांनी पडद्याआड त्याला शर्ट काढायला सांगितला. निवृत्तीच्या दांड्याचे वळ केव्हाच मावळले होते. पण दोन्ही स्तनांवर रुपयाएवढे काळे, खोलगट डाग होते.

"हे कशाचे?"

"बिब्ब्याचे."

तो सोळा वर्षांचा असताना गावातल्या एका जाणत्याने तानाबाईला सांगितले होते की, तापवलेल्या बिब्ब्याने गाठ वाळते. दोन काकांनी हातपाय धरले, तोंडात गमछा कोंबला आणि तानाबाईने स्वतः, दाभणाच्या टोकावर बिब्बा तापवून, त्याच्या उकळत्या तेलाचे चटके दिले. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला पाच. कातडी फोडांनी उठली, पू झाला, महिनाभर तो पालथा झोपू शकला नाही. गाठ होती तेवढीच राहिली. आईने मुलासाठी केलेला तो उपाय होता. त्याबद्दल दोघे पुन्हा कधी बोलले नव्हते.

सर्जननी डाग बोटाने चाचपले. नंतर त्यांनी शस्त्रक्रिया समजावून दिली. शालिग्रामने हत्यार कसे असते ते विचारले, म्हणून त्यांनी पोकळ पोलादी नळी आणून दाखवली.

"ही कातडीखालून आत घालायची आणि चरबीत जोराने पुढेमागे चालवायची. हळू हाताने चरबी सुटत नाही. मग छातीच्या बोंडाच्या कडेला अर्धगोल छेद घेऊन गाठ कापून काढायची. तुम्ही बेशुद्ध असाल. पण जागे व्हाल तेव्हा कोणीतरी बेदम मारल्यासारखं वाटेल. अंग काळंनिळं पडेल."

"ते सवयीचं हाय, साहेब."

"सहा आठवडे दाबाचं घट्ट जाकीट, दिवसरात्र."

शालिग्रामने मान वर केली. "म्हंजे पुन्हा पट्टीच."

"सहा आठवडे. नंतर नाही."

कागदावरचे अकरा प्रश्न संपले. रुबिना सिस्टरने विचारले, "अजून काई हाय काय मनात?" होते. पण तीन सेकंदांचा तो प्रश्न कोणत्याही सर्जनला विचारता येण्यासारखा नव्हता. तो म्हणाला, "नाही."

शस्त्रक्रिया झाली. जाग आली तेव्हा छातीच्या दोन्ही बाजूंनी नळ्या निघालेल्या होत्या आणि खाली प्लास्टिकच्या डब्यांत रक्त साचत होते. तिसऱ्या दिवशी कातडी वांग्याच्या रंगाची झाली. तानाबाई उशाशी बसून, वाकडे जुळलेले मनगट मांडीवर ठेवून, दुसऱ्या हाताने त्याला पेज भरवीत होती. जाकिटाचे हूक लावताना ती एकदाच म्हणाली, "मी बी असंच धरून बिब्बा लावला होता तुले," आणि तोंड फिरवून पदराने डोळे पुसले.

मृगाच्या चार दिवस आधी शालिग्राम जिनिंगच्या फाटकाशी पोचला. अंगात नुसता सुती शर्ट होता. फाटकावरच्या स्टुलावर गोविंदा होता. भगवानरावांनी त्याला तिथे बसवले होते. ओझी उचलण्याजोगा त्याचा हात राहिला नव्हता. उजवा पंजा त्याने मांडीवर उपडा ठेवला होता. अंगठा आणि करंगळी तेवढी पुढे आलेली दिसत होती.

"झालं काय ऑपरेशन?"

"हाव."

"दाखव."

शालिग्रामने आजूबाजूला पाहिले. दुरुस्तीला आलेले चारजण आत चालले होते. ऊन लख्ख होते. त्याने शर्ट गळ्यापर्यंत वर केला. छाती सपाट होती, दोन्ही बाजूंना लालसर अर्धगोल रेषा होत्या आणि बिब्ब्याचे डाग जागेवर होते. गोविंदाने बराच वेळ पाहिले.

"निशान हायेत."

"राह्यतात. वर्षभरात फिके होतात म्हने."

"दुखते?"

"नाही. वरून काईच समजत नाही अजून. बोट टेकवलं तरी कळत नाही."

"माह्यं उलटं हाय," गोविंदा म्हणाला. "नाहीत तीच बोटं दुखतात."

त्याने उजवा पंजा मांडीवर उलटा करून पाहिला.

"तुनं आधी छाती झाकली," गोविंदा म्हणाला. "मंग बटन दाबलं. मी पाह्यत होतो."

याचे उत्तर शालिग्रामने पाच महिने तयार ठेवले होते. बटन दाबल्यावरही वजनामुळे शाफ्ट काही फेरे घेतोच. पट्टी पहिल्या दोन फेऱ्यांतच आवळली गेली असणार. जाळी काढलेली होती. सर्व तांत्रिकदृष्ट्या बरोबर होते. तो म्हणाला, "हाव. आधी झाकली."

गोविंदाने मान डोलावली. "निवृत्तीले नाही सांगितलं मी. साहेबालेही नाही."

"काऊन?"

"ओढलं तं मीच होतं ना बे."

मागे भंगाराचा ट्रक येऊन उभा राहिला आणि ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. गोविंदाने त्याच्याकडे लक्ष दिले नाही. मांडीखालून त्याने हजेरीची वही काढली, उजव्या मनगटाने ती दाबून धरली आणि डाव्या मुठीत पेन घेतले.

"थांब. आत जानाऱ्याचं नाव लिहा लागते आता."

तो लिहू लागला. डाव्या हाताला अजून सवय नव्हती. पहिले अक्षर ओळीच्या खाली घसरले, त्याने ते पुन्हा गिरवले. वेलांटी चुकली, ती खोडली. हॉर्न वाजतच होता. नाव शेवटच्या अक्षरापर्यंत पुरे लिहून होईपर्यंत शालिग्राम शर्ट तसाच वर धरून उन्हात उभा राहिला.