रंगमंचावर गेलेली हुडाकांची खुर्ची

मित्रांनो, मी ओहायोतल्या हुडाक कुटुंबाची जुनी खुर्ची. नाटकात काम केले असे म्हणायला मला संकोच वाटतो. मी तिथे नुसती उभी होते, एवढेच खरे.

गावातल्याच एका सुताराने मला अक्रोडाच्या लाकडातून घडवले, वर हिरव्या कापडाची गादी ठोकली. एमिल हुडाकने मला लग्नाच्या वर्षी घरी आणले. तो पोलादाच्या कारखान्यात भट्टीवर होता. कामावरून आला की माझ्यावर बसे आणि आधी बूट काढी. शेजारी म्हणत, "एमिल, खुर्ची तर साहेबाची वाटते." तेव्हा मला फार बरे वाटे.

तरुणपणी एमिलला एका फिरत्या नाटक कंपनीत जागा मिळाली होती. पण त्याच आठवड्यात त्याचे वडील वारले आणि तो भट्टीवर गेला. राहिलेली हौस तो गावाच्या नाट्यमंडळात भागवी. मंडळाकडे सामान नसे. दर वसंतात लोकांच्या घरून खुर्च्या-टेबले नेत आणि कार्यक्रमपत्रिकेत त्यांचे आभार छापत.

मला नेले, त्या वर्षी एमिल नाटकात बाप झाला होता. तो बाप मुलाला जबरदस्तीने मोठा माणूस करू पाहतो आणि शेवटी त्याची क्षमा मागतो. महिनाभर एमिलने माझ्यावर बसून तालीम केली. मुलाची वाक्ये वाचायला समोर त्याची अठरा वर्षांची मुलगी व्हेरा असे.

व्हेराला त्याने न्यूयॉर्कच्या नाट्यशाळेत घालायचे ठरवले होते. सोमवारच्या गाडीचे तिकीटही काढले होते. तिला मात्र नर्स व्हायचे होते. बाप कामावर गेला की ती माझ्यात पाय पोटाशी घेऊन रुग्णसेवेचे पुस्तक वाची. त्याला सांगायचे धाडस तिला होत नव्हते.

तिची आई अ‍ॅना एकदा म्हणाली, "पोरीला विचारलंस का?"

"विचारायचं काय त्यात? मला कुणी असं पाठवलं असतं ना, तर चालत गेलो असतो."

"मग जा की तूच. तिकीट आहेच काढलेलं."

व्हेरा हसली.

शनिवारी शेवटचा प्रयोग होता. अडलेले वाक्य पुरवायला व्हेरा प्रॉम्प्टिंगची वही घेऊन विंगेत बसली. मुलाचे काम गावातल्या जो नावाच्या खाटकाकडे होते. शेवटच्या प्रवेशात एमिल माझ्यावर बसला आणि सवयीने बूट काढू लागला. नाटकात तसे काही नव्हते. मग तो म्हणाला, "व्हेरा, माझी हौस मी तुझ्या गळ्यात बांधली. चुकलं माझं."

नाटकातल्या मुलाचे नाव फ्रँक होते. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणाले, "अरे एमिल, मिशा तरी बघ की त्याच्या." लोक हसले.

एमिल हसला नाही. त्याने माझे हात घट्ट धरले. महिनाभर पाठ केलेले वाक्य त्याने जणू तेव्हाच पहिल्यांदा ऐकले. विंगेतून पुढचे वाक्य यायला हवे होते. पण व्हेरा वही सोडून बापाकडेच बघत होती. शेवटी जोनेच त्याच्या खांद्यावर हात ठेवून प्रवेश पुरा केला.

रविवारी मी जोच्या ट्रकमधून घरी परतले. एमिल माझ्यावर बसला नाही. व्हेराला म्हणाला, "बस इथं. उद्या तुला कुठं जायचंय?"

तिने आधी आईकडे पाहिले. "इस्पितळात, बाबा. नर्सिंगला नाव घालायला."

त्याला लागले होते, हे मी नाकारणार नाही. मग म्हणाला, "मी सोडायला येतो. माझी पाळी दुपारची आहे."

आता एमिल नाही. माझी गादी फाटली आहे, एक पाय डुगडुगतो, आणि मी तळघरात असते. जुन्या वस्तूंना जपा, एवढेच मागावे असे ठरवले होते. पण मित्रांनो, थोडे जास्त मागते. घरातल्या कुणाला कुठे पाठवायचे ठरवाल, तेव्हा आधी त्याला शेजारी बसवा आणि विचारा. तेवढे विचारायला डुगडुगती खुर्चीही चालते.