पालकाच्या सहीची चौकट

शिष्यवृत्तीच्या खिडकीमागच्या मोठ्या बाई म्हणजे कॉलेजातलं बडं प्रस्थ. बावीस वर्षं त्याच खुर्चीवर. अर्ज हातात आला की त्या आधी शेवटचं पान उघडायच्या. पालकाच्या सहीची चौकट भरलेली असेल तर पुढचं वाचायचं. कोरी असेल तर अर्ज सरळ खालच्या खणात. यात वेळ वाचतो, असं त्या नव्या लोकांना कौतुकाने शिकवायच्याही. मंडळी, असा एक खण आपल्या बहुतेक कचेऱ्यांत असतोच!

अर्ज घेण्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी पिशवीवाली तिसऱ्यांदा आली. हे नाव तिला ऑफिसने ठेवलेलं. जन्मापासूनचे सगळे कागद ती एका निळ्या पिशवीत घेऊन हिंडायची आणि पिशवी क्षणभरसुद्धा खाली ठेवायची नाही.

"बाई, माझ्या अर्जाचं काय झालं?"

"सही आणलीस?"

"नाही. पण त्याला जोडलेलं पत्र..."

"पत्रबित्र काही सांगू नकोस. आईची सही आण, वडिलांची आण. वारले असतील तर मृत्यूचा दाखला आण."

"वारलेत की नाहीत, ते मला माहीत नाही."

"अगंबाई! स्वतःचे आईवडील आहेत की नाहीत, एवढंही माहीत नाही?" बाईंचा आवाज मुळातच खणखणीत. मागची सगळी रांग माना उंचावून पाहू लागली. कुणीतरी फिसकन हसलंसुद्धा. पोरीने पिशवी छातीशी घट्ट धरली.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. त्यांची लेक, दुसऱ्या गावी शिकणारी. "हो गं राणी, तुझा अर्ज कालच भरला. सही पण केली. तू कशाला डोकं शिणवतेस? तू फक्त अभ्यास कर." फोन ठेवून बाईंनी वर पाहिलं, तर खिडकीत पिशवीवाली नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत ग्रंथपाल आले. मितभाषी माणूस, निवृत्तीला आलेला. परिपत्रकं लावून ठेवायचं काम त्यांच्याकडे असायचं. त्यांनी बाईंच्या डब्याशेजारी एक फाईल ठेवली.

"बाई, या परिपत्रकाचं मागचं पान वाचलंत का कधी?"

"अहो, आख्खं ऑफिस मला विचारून चालतं, आणि तुम्ही मला नियम शिकवता?"

"शिकवत नाही. वाचा म्हणतो."

बाईंनी नाराजीनेच वाचलं. सरकारी संस्थेत किंवा नेमून दिलेल्या पालक-कुटुंबात वाढलेल्या मुलांना पालकाच्या सहीची गरज नाही. संस्थेचं पत्र पुरे. सुट्टीतही त्यांना वसतिगृहात राहू द्यावं. परिपत्रक पाच वर्षांपूर्वीचं होतं.

"सकाळी तुमच्या खिडकीवरून परत गेली ती मुलगी अशा तीन घरांत वाढली," ग्रंथपाल म्हणाले. "अठरा पूर्ण झाली आणि तिसऱ्या घराचीही मुदत संपली. गेल्या सुट्टीत वसतिगृहाला कुलूप लागलं, तेव्हा दिवसभर माझ्याकडे वाचनालयात बसायची. संध्याकाळी कुठे जाते, हे विचारायचा धीर मला झाला नाही, तो माझा दोष. पण तुमच्या-माझ्या मुलांना पैसे आपण देतो, धावपळ आपण करतो, सहीही आपणच करतो. हिच्यासाठी हे सगळं करायचं म्हणून समाजाने आपल्याला या खुर्च्यांवर बसवलंय ना? मग ज्याला कुणीच नाही, त्यालाच आपण 'कुणाला तरी घेऊन ये' म्हणतो, हे कसलं काम?"

बाईंनी हातातला घास डब्यात परत ठेवला. त्यांनी खालचा खण ओढला. पिशवीवालीचा अर्ज वरच होता. सुवाच्य अक्षर, एक रकाना रिकामा नाही, आणि मागे टाचणीने लावलेलं संस्थेचं पत्र. त्याखाली जुने अर्ज. बाई एकेक उलटत गेल्या. चार अर्जांना तसंच पत्र जोडलेलं होतं. चार वेगळ्या वर्षांचे, चार वेगळी मुलं. त्यांतलं कुणीच पुन्हा खिडकीवर आलं नव्हतं, आणि का आलं नाही, असं बाईंना एकदाही वाटलं नव्हतं!

एवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने एक कागद पुढे केला. "मोठ्या बाई, एक नाव कमी करायचंय. सही द्या."

नाव पिशवीवालीचं होतं. कॉलेज सोडण्याचं कारण एका ओळीत लिहिलं होतं : पालकाची सही मिळू शकत नाही.

बाई तशाच उठल्या. डबा उघडाच राहिला. वसतिगृहाचा जिना चढताना त्यांना धाप लागली, पण धापेपेक्षा लाजच जास्त वाटत होती. पोरगी चादर घडी करत होती. सामान म्हणजे काय, एक बॅग आणि ती पिशवी.

"चल गं. तुझा अर्ज घेते मी. पत्र जोडलेलं होतं, मी पानच उलटलं नाही. चुकले मी."

पोरीने घडी पूर्ण केली, मग वर पाहिलं. डोळे कोरडे होते.

"हे तुम्ही इथे बोलताय बाई, दार लावून. सकाळी रांगेसमोर बोलल्या होतात."

थोबाडीत बसल्यासारखं झालं बाईंना. आणि तिचं चूक तरी काय होतं!

दुपारी खिडकी उघडली तेव्हा रांग दारापर्यंत गेली होती. पिशवीवाली सर्वांत पुढे होती. बाई खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या आणि सकाळच्याच खणखणीत आवाजात म्हणाल्या, "सगळ्यांनी ऐका! सकाळी मी या मुलीला नाही नाही ते बोलले. हिचा अर्ज पूर्ण होता. अपुरं होतं ते माझं काम. मी हिची माफी मागते." त्यांनी अर्जावर 'मंजुरीसाठी पुढे' लिहिलं, पोच दिली, आणि वसतिगृहाच्या सुट्टीतल्या खोलीचं पत्रही तिथल्या तिथे टाईप करून दिलं. नाव कमी करण्याचा कागद पोरीने स्वतःच्या हाताने फाडला.

जाता जाता ती थबकली. "बाई, माझ्याआधी कुणी आलं होतं का असं?"

खोटं बोलणं सोपं होतं. "चार जण," बाई म्हणाल्या.

"त्यांना शोधा."

त्या दिवसापासून बाई शोधताहेत. अर्जांवरच्या पत्त्यांवर पत्रं गेली. तीन परत आली, 'येथे राहत नाही' असा शेरा घेऊन. एकाचं उत्तर आलं. पुढच्या वर्षी तो प्रवेश घेणार आहे. परत आलेली तीन पाकिटं बाईंनी टेबलाच्या काचेखाली ठेवली आहेत, रोज दिसावीत म्हणून. आणि खालचा खण त्यांनी रिकामा करून ग्रंथपालांकडून आलेल्या परिपत्रकांनी भरला आहे.

मंडळी, ज्या मुलांच्या मागे घर नाही, त्यांचे पालक आपण सगळे आहोत. खिडकीच्या या बाजूला बसणाऱ्यांनी एवढं तरी करावं : कोरी चौकट दिसली, तर अर्ज खाली टाकण्याआधी एकदा पान उलटावं, आणि समोरच्याला आत बोलावून, खुर्ची देऊन, हळू आवाजात विचारावं.