पन्नास गुंठे

पाच हजार एकशे अठरा केळी, चौदा कडुलिंब, दोन चिंचा, एक जांभूळ. पश्चिमेच्या बांधावर वारा अडवायला लावलेली शेवरीची ओळ, तिच्यात दोनशे सहा झाडं. एक विहीर, एक बोअर, एक पत्र्याची खोली. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणीची तेवीस घरटी, त्यांतली नऊ अर्धवट सोडून दिलेली.

रुखसारने केळी दोनदा मोजल्या. पहिल्या रविवारी ५,१२१ भरल्या, दुसऱ्या रविवारी ५,११८. तीन झाडांचा घोळ कुठे झाला ते सापडेना, म्हणून तिने लहान आकडा धरला आणि खाली तशी टीप लिहिली. रसायनशास्त्रात एमएस्सी होऊन तिला आठ महिने झाले होते. नोकरी अजून लागली नव्हती, पण टीप लिहायची सवय लागून गेली होती.

ज्यांच्या केळी ती मोजत होती ते जीवराम आबा खोलीच्या सावलीत बसून बघत होते. सत्तरीला आलेला, काटकुळा माणूस. दुसऱ्या रविवारी त्यांना राहवेना.

"काय मोजी राहिनी, बेटा?"

"केळी, आबा."

"बठ्ठ्या?" आबांनी सगळ्या मळ्यावरून हात फिरवला.

"बठ्ठ्या."

"मी लावी लावी थकनू, पन मोज्या नही कधी," आबा म्हणाले आणि तिला प्यायला पाणी दिलं. पाणी निळ्या जारमधलं होतं, तिच्या कॉलनीतल्या सगळ्या घरांत येतं तेच.

मोजायचं कारण असं, की गावाला नगरपंचायत झाल्यापासून पहिला विकास आराखडा निघाला होता. चोपड्याच्या रस्त्याला लागून असलेली आबांची साडेचार एकर आतापर्यंत शेतीच्या हिरव्या रंगात होती, ती आता नकाशावर निळी झाली होती. निळा म्हणजे वाणिज्य. दुकानं, लॉन्स, मंगल कार्यालय, जे काही येईल ते. हरकती द्यायला एक महिना होता आणि मळ्याला लागून असलेल्या शांतीबन कॉलनीच्या एकेचाळीस घरांनी हरकत द्यायची ठरवलं होतं.

प्रत्येकाचं कारण वेगळं होतं. कुणाला लग्नसराईतल्या डीजेची धास्ती होती, कुणाला मे महिन्याची. केळीवरून येणारा वारा गेला तर कूलर पुरणार नाहीत, हे रुखसारचे अब्बा अन्वर स्वतः सांगत, आणि ते कूलरच बनवत असल्याने लोक त्यांच्यावर विश्वास ठेवत. "तुमचा तर धंदा वाढेल की, अन्वरभाई," असं कुणी चिडवलं, की ते म्हणत, "धंदा वाढेल, पण झोपायचं मलाही इथेच आहे ना."

आबांचं कारण मात्र एकच होतं, आणि ते त्यांनी केळीच्या ओळीत उभं राहून सांगितलं. उताऱ्यावर अर्धं नाव त्यांच्या धुळ्याच्या पुतण्याचं होतं. "जवलोंग हिरवं शे, तवलोंग कोनी इकत लेत नही. म्हनीसन तो गप शे. एक डाव निळं व्हयनं, का तो वाटनी मांगी, आनि रस्त्याकडनं त्याले पाहिजे. मग मना बाग खलास." त्यांनी एका केळीच्या खोडावर हात ठेवला. "माले दुसरं काहीच येत नही."

तिसऱ्या रविवारी रुखसार मळ्याच्या कॉलनीकडच्या टोकाला गेली. तिथे मोजण्यासारखं काही नव्हतं. जमीन मोकळी होती, आणि वाळलेल्या मातीवर पिठासारखी पांढरी पूड चढलेली. तिने चालत माप घेतलं, मग टेपने घेतलं. पन्नास गुंठे.

"इथे का नाही लावलं, आबा?"

"तीन डाव लावं. पानं कडाकडानी जळतस, घड पडतच नही. सा वरीस व्हयनात." आबा मातीकडे नाही, दुसरीकडे कुठेतरी बघत होते. "पह्यले रोपं स्वस्तामा आनेल व्हतात मी. तठेच चुकनू. मग खत चुकनं व्हई. काय सांगू."

बांधाखालून एक पाइप बाहेर आला होता आणि त्यातून पाणी येत होतं. घाण नाही, वास नाही, काचेसारखं स्वच्छ. पाइपापासून मोकळ्या जमिनीत एक व्यवस्थित पाट काढलेला होता.

"कॉलनीनं पानी शे," आबा म्हणाले. "नितळ. वाया जाई राहिनं व्हतं, म्हनीसन मीच पाट काढा."

रुखसारने पिशवीतून क्षार मोजायचं पेन काढलं. पेन महाग नव्हतं, पण महिन्यापूर्वीच तिने ते कॉलेजातल्या यंत्राशी ताडून घेतलं होतं. आबांच्या विहिरीचं पाणी ६४० होतं. पाइपातलं २,४६०, म्हणजे जवळजवळ चौपट खारं. तिने पेन धुतलं, पुसलं, पुन्हा बुडवलं. २,४५०.

पाइप कुठून येतो हे शोधायला तिला दहा मिनिटं लागली. कॉलनीच्या टोकाला श्रेयांसचा थंड पाण्याच्या जारचा प्लांट होता. बोअरचं पाणी यंत्रातून गाळलं, की निम्मं गोड होऊन जारमध्ये जातं आणि उरलेल्या निम्म्यात सगळे क्षार गोळा होतात. ते उरलेलं पाणी सहा वर्षं पाइपाने बाहेर जात होतं. आणि आबा ते सहा वर्षं, वाया जाऊ नये म्हणून, जमिनीला पाजत होते.

श्रेयांस हा कांतीलाल शेठचा मुलगा. कांतीलाल शेठचं कॉलनीच्या तोंडावर किराणा दुकान होतं, आणि हरकतीचा कागद त्यांच्याच ओट्यावर तयार होत होता. माणूस मनाचा साफ. कोविडात त्यांनी कुणाला विचारलंही नव्हतं, दारोदार धान्य ठेवून आले होते. बुधवारी संध्याकाळी रुखसारने हरकतीला जोडायचं तिचं परिशिष्ट वाचून दाखवलं: केळी, कडुलिंब, शेवरी, घरटी. लोक कौतुकाने ऐकत होते. घरट्यांपाशी कुणीतरी हसलं. मग ती शेवटच्या परिच्छेदाला आली. पन्नास गुंठे पीक नाही. कारण, जलशुद्धीकरण प्लांटमधून सोडलं जाणारं क्षारयुक्त पाणी.

श्रेयांस तिथे नव्हता. अब्बांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"बेटा," कांतीलाल शेठ अगदी हळू म्हणाले, "हे पाणी खारं आहे, हे तू मोजलंस?"

"हो, काका."

"आणि जमीन?"

"जमीन नाही मोजली. माती प्रयोगशाळेत द्यावी लागते. क्षारता एकच्या आत असली तर केळीला चालते, दोनच्या वर गेली की पानांच्या कडा जळतात. पण नक्की किती आहे ते..."

"किती दिवस लागतात?"

"वीस-एकवीस."

"हरकतीला शेवटची तारीख?"

"रविवार," अब्बाच म्हणाले.

"मग जे मोजलं नाही ते लिहायचं का?" शेठच्या आवाजात खोच नव्हती, ते खरोखर विचारत होते. "तूच म्हणतेस, पुराव्याशिवाय लिहायचं नाही. पाणी खारं, हे खरं. पण जमीन त्यानेच गेली, हे अजून तुझंही अनुमानच ना?"

रुखसारने हातातला कागद खाली घेतला. वाक्य तिचंच होतं. गेल्याच आठवड्यात, 'या मळ्यात मोर आहेत' असं एका काकांना लिहायचं होतं तेव्हा तिने याच ओट्यावर ते ऐकवलं होतं.

"आणि आपल्याच हरकतीत आपणच लिहायचं, की आमच्या कॉलनीने जमीन बिघडवली?" मागून कुणीतरी म्हणालं. "मग नगरपंचायतवाले म्हणतील, बघा, जमीन बिघडलेली आहे, हे हेच म्हणतात ना."

"पाइप मी फिरवून घेतो," शेठ म्हणाले. "शब्द माझा. हे एवढं होऊन जाऊ दे."

घरी आल्यावर अम्मीने, म्हणजे अकबरीने, भाकरी थापता थापता सगळं ऐकून घेतलं. "तर मग आबाला तरी सांगून ये," ती म्हणाली.

"खात्री झाली की सांगेन."

"खात्री," अम्मी म्हणाली. "पेनाने मोजलं, डोळ्याने पाहिलं. अजून काय उरलं?"

रुखसारने कारणाचं वाक्य खोडलं. आकडा खोडला नाही, कारण आकडा खरा होता. 'त्यापैकी पन्नास गुंठे क्षेत्रात सहा वर्षांपासून पीक नाही' एवढंच राहिलं. तिला त्यावेळी वाटलं, की ती प्रामाणिक राहिली आहे.

सुनावणी मार्चमध्ये झाली, नगरपंचायतीच्या सभागृहात. पंखे चालू होते आणि कागद उडू नयेत म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर पेपरवेट होतं. समितीचे अध्यक्ष नगररचनेतून निवृत्त झालेले अधिकारी होते. त्यांनी सव्वीस हरकती भराभर ऐकल्या, आणि सत्ताविसाव्याला चष्मा वर केला.

"हे परिशिष्ट कुणी केलंय?"

"मी," रुखसार उभी राहिली.

"छान आहे. इतकं नीट कुणी देत नाही." ते मनापासून म्हणत होते. "फक्त एक सांगा. अर्जात तुम्ही म्हणता, जमीन बारमाही बागायत आहे. परिशिष्टात म्हणता, साडेचार एकरांतली सव्वा एकर सहा वर्षं पडीक. आराखड्यातही हेच कारण दिलंय, की रस्त्यालगतची जमीन पूर्ण वापरात नाही. पडीक का आहे?"

उत्तर तिच्या तोंडात तयार होतं. पाच-सहा शब्दांचं. तिच्या उजवीकडे कांतीलाल शेठ मांडीवरच्या फाइलची दोरी सोडत होते आणि पुन्हा बांधत होते. अब्बा तिच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या नजरेत मनाईही नव्हती, परवानगीही नव्हती. माती मोजलेली नाही, तिने स्वतःला सांगितलं. माती अजून मोजलेली नाही.

"कारण नोंदवलेलं नाही, सर," ती म्हणाली.

तिच्या मागच्या ओळीतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आबा उठले होते. धुतलेला सदरा, हातात टोपी.

"मनी चूक शे, साहेब. रोपं मी खराब आनेल व्हतात. जमीननी चूक नही. मनी शे."

अध्यक्षांनी मान हलवली, काहीतरी लिहिलं आणि पुढचा क्रमांक पुकारला.

बाहेर आल्यावर आबांनीच तिच्या पाठीवर हात ठेवला. "तू घाबरू नको, बेटा. तुले वाटनं व्हई, आबानी इज्जत जाई. म्हनीसन तू गप राहिनी. समजनं माले." रुखसारला तिथेच सांगता आलं असतं. पण कांतीलाल शेठ रिक्षा थांबवून सगळ्यांना हाका मारत होते, आणि रिक्षात सात जण बसायचे होते.

मंजुरी ऑक्टोबरात आली. गट निळाच राहिला. धुळ्याचा पुतण्या दिवाळीच्या आधी मोजणीवाले घेऊन आला. रस्त्याकडची बाजू त्याच्याकडे गेली, विहीर आणि बोअर दोन्ही त्याच बाजूला होते. कॉलनीत दोन दिवस चर्चा झाली आणि मग तिसऱ्या दिवशी लोक, तिथे काय येणार, यावर बोलू लागले. श्रेयांसचा पाइप शेठने खरंच फिरवून घेतला होता, सुनावणीच्या दुसऱ्याच आठवड्यात. आता तो रस्त्याच्या गटारात सुटत होता. शब्द पाळल्याचं शेठने रुखसारला आवर्जून दाखवलं, आणि दाखवताना तिच्याकडे पाहिलं नाही.

आबांनी शेवटचे घड उतरवले आणि नवी रोपं लावली नाहीत. पाण्याशिवाय लावणार तरी कशी. चोपड्याला लेकीकडे जायचं ठरलं होतं. रुखसार भेटायला गेली तेव्हा ते पाण्याच्या नळ्या गुंडाळत होते. ती समोर बसून दुसरं टोक धरू लागली.

"एक सांग," आबा म्हणाले. "तू शिकेल शे. ती पन्नास गुंठा. रोपं खराब व्हतात, का मनाच हात खराब? जाता जाता तेवढं समजनं पाहिजे माले."

रुखसारने नळीचं टोक खाली ठेवलं.

"मोजून सांगते, आबा," ती म्हणाली.

त्याच दुपारी तिने तीन ठिकाणची माती घेतली. पाइपाच्या जुन्या तोंडापाशी, मोकळ्या जमिनीच्या मधोमध, आणि जिथपर्यंत केळी तगल्या होत्या तिथे. प्रत्येक ठिकाणी वीतभर खोल, सावलीत वाळवून, स्वच्छ पिशवीत. दुसऱ्या दिवशी ती एस.टी.ने जळगावला गेली, प्रयोगशाळेत पिशव्या दिल्या आणि पावती घेतली. अहवाल यायला एकोणीस दिवस लागले. तोवर आबा चोपड्याला गेले होते. तिने पत्ता विचारून लेकीचं घर शोधलं. आबा अंगणात बाजेवर बसले होते, समोर निळा जार.

तिने त्यांना सगळं सांगितलं. आधी पाण्याचं, मग प्लांटचं, मग खोडलेल्या वाक्याचं. सांगताना ती थांबली नाही, कारण थांबली असती तर पुढे सांगता आलं नसतं. शेवटी आबांनी तिच्या हातातल्या कागदाकडे बोट केलं.

"वाच."

रुखसारने कागद उलगडला आणि वाचला. क्षारता, डेसीसायमन प्रति मीटर. केळीसाठी मर्यादा: एक. नमुना एक, पाइपाजवळ: ३.९४. नमुना दोन, मधोमध: २.७१. नमुना तीन, केळीजवळ: ०.३८.