न दिलेला इशारा

नवरा गेल्यावर इस्त्रीच्या टपरीचा परवाना बायकोच्या नावावर करून घ्यायला मुदत असते. ताईची ती हुकली. त्या काळात ती स्वतःच इस्पितळात पडून होती, कमरेचं हाड मोडून. अशा वेळी उशीर माफ करायचा की नाही, हे नियमाने परवाना अधिकाऱ्याच्या विवेकावर सोडलं होतं. अडचण एवढीच, की परवाना अधिकारी तिचा सख्खा धाकटा भाऊ होता.

त्याने नियमाप्रमाणे केलं. नातं लेखी कळवलं, फाइल शेजारच्या खोलीतल्या अधिकाऱ्याकडे वर्ग केली आणि तिच्याबद्दल चकार शब्द काढला नाही. इस्पितळाचा दाखला फाइलला लावलेलाच होता. याहून फुसक्या कारणांवर त्याने स्वतः लोकांना माफी दिली होती. ताईला ती मिळणार, याची त्याला खात्री होती.

त्या कार्यालयात उघड कुणी काही बोलत नसे. ‘जरा बघा’ म्हणजे मंजूर, ‘नियमानुसार करा’ म्हणजे नामंजूर. शेजारच्या खोलीतल्या नानांची सगळी नोकरी याच बोलीत गेली होती. चहाच्या वेळी ते त्याला म्हणाले,

“बहिणीची फाइल आलीय हं माझ्याकडे.”

“हो.”

“मग, काही...?”

“काही नाही. तुम्ही वाचा आणि ठरवा.”

“बरं, बरं,” म्हणत नाना हवापाण्यावर आले.

आठवड्याने आदेश निघाला: ‘विलंबाचे कारण समाधानकारक वाटत नाही. अर्ज फेटाळण्यात येत आहे.’ का वाटत नाही, याबद्दल एक ओळ नव्हती. दाखल्याचा उल्लेखही नव्हता.

तो नानांच्या खोलीत गेला.

“दाखला पाहिलात का?”

“दाखला कशाला पाहू?” नानांनी आवाज उतरवला. “तुम्हाला द्यायचं असतं, तर एका शब्दानं सुचवलं असतंत. माझ्या मेव्हण्याच्या वेळी मी नव्हतं सुचवलं? तुम्ही ऐकलं नाहीत, ती गोष्ट वेगळी. तुम्ही तोंड उघडेनात, तेव्हा म्हटलं, घरात काहीतरी वाजलंय. वाईटपणा माझ्या माथी मारायला पाठवलीय. घेतला बुवा. आता वर मलाच जाब?”

“मला काहीच नको होतं. तुम्ही ठरवायचं होतंत.”

“मग, ठरवलं की.”

टपरी उचलायला गाडी आली, त्या सकाळी तो रजा टाकून तिथे गेला. ताई वाकता येत नसल्याने स्टुलावर बसून गिऱ्हाइकांचे कपडे वेगळे करत होती.

“अपील कर,” तो म्हणाला. “हा आदेश टिकणार नाही. त्यात कारणच दिलेलं नाही.”

“तू लिहून देतोस?”

“मला नाही देता येणार, ताई. मी त्याच खात्यात आहे.”

“आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत मी काय खायचं, तेही तुला सांगता येणार नाही.”

त्याने खाली पडलेला एक कपडा उचलून तिच्या हाताशी ठेवला.

“एवढं तरी म्हणायचंस त्यांना, की माझी बहीण खोटं बोलत नाही.”

“तेही सांगणंच झालं असतं.”

“झालं असतं खरं,” ती म्हणाली आणि गठ्ठ्यांतून एक काढून त्याच्या हातात दिला. “हे तुझे शर्ट. इस्त्री राहिलीय. दुसरीकडे टाक आता. बहिणीकडून करून घेतलीस, तर लोक पक्षपात म्हणतील.”

त्याने गठ्ठा घेतला. पत्रे उचलायला आलेल्या माणसाने साहेबांना ओळखलं आणि हातातला पत्रा खाली ठेवून सलाम ठोकला.